पाणी निवेपर्यंत

सकाळी पाण्याला उकळी फुटली की मी गॅस बंद करते, पाणी एका पसरट, रुंद तोंडाच्या भांड्यात ओतते आणि त्याच्याजवळ उभी राहते. आधी वाफ दाट असते, सरळ वर चढते. दोन-तीन मिनिटांत ती विरळ होते, वाटेल तिकडे वळायला लागते. मग एक क्षण असा येतो की वाफ दिसते न दिसते आणि भांड्याचा तळ स्वच्छ दिसतो. तोवर पाणी ८० अंशांच्या खाली उतरलेलं असतं. पहिलं वर्षभर मी त्यात थर्मामीटर बुडवून बघत असे. आता लागत नाही, डोळ्यांना सवय झाली आहे.

मग ग्रीन टीची पानं. चमचाभर, दोन ग्रॅमच्या आसपास. कोरडी असताना ती वळलेली, आक्रसलेली, राखाडी हिरवी असतात. पाणी पडलं की सगळी वर तरंगतात, एकमेकांना चिकटून. मिनिटभराने एखादं पान सुटतं, हळूच खाली बसतं आणि तिथे उलगडायला लागतं. काचेच्या भांड्यात हे नीट दिसतं: एक देठ, त्याला दोन कोवळी पानं, आणि टोकाला मिटलेली कळी. कुणीतरी डोंगरउतारावर उभं राहून हातांनी खुडलेला शेंडा, खुडला तसा. पाणी फिकट पिवळसर हिरवं होतं. दोन मिनिटं झाली की मी ते गाळून घेते. त्यापुढे एक मिनिटही ठेवत नाही.

गेली नऊ वर्षं माझी सकाळ अशी सुरू होते. त्याआधी जवळजवळ वर्षभर मी ग्रीन टी पीत होते, पण तो चहा वेगळा होता. तो मी घाबरून पीत होते.

माझे वडील हृदयविकाराने गेले. बावन्नाव्या वर्षी, अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्ताच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १४८ आलं तेव्हा डॉक्टर शांत होत्या आणि मी नव्हते. “गोळी लगेच नको. रोज चाला, खाण्याकडे लक्ष द्या, सहा महिन्यांनी पुन्हा बघू,” त्या म्हणाल्या. मला सहा महिने नुसतं थांबणं शक्य नव्हतं. काहीतरी घ्यायला हवं होतं, जे दिवसातून तीनदा पोटात जाईल आणि आत काम करतंय असं वाटत राहील. ग्रीन टीबद्दल सगळीकडे वाचलं होतं. चरबी वितळवतो, हृदय जपतो, कर्करोग दूर ठेवतो, वय थोपवतो.

तेव्हा मी तो असा करायचे: खळखळ उकळत्या पाण्यात दोन पिशव्या, दहा मिनिटं झाकून. मग पिशव्या चमच्याने दाबून पिळायच्या, म्हणजे आतला कस सगळा उतरेल. रंग गढूळ पिवळा, चव कडूजहर, आणि असा तुरटपणा की जीभ टाळूला चिकटावी. हा काढा मी तिन्ही वेळा घेत होते, खाऊन ताट बाजूला सरकवलं की लगेच. जेवणातली चरबी तिथल्या तिथे धुऊन निघेल, असा माझा हिशेब होता. कडूपणाचा मला त्रास नव्हता. उलट जितकं कडू तितकं गुणकारी, असंच मनात होतं.

सहा महिन्यांनी एलडीएल १४१ झालं होतं, आणि तेही बहुधा चालण्यामुळे. हिमोग्लोबिन मात्र १२ वरून साडेदहावर आलं होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेला होता. धाप लागायची, जिना चढताना मधे थांबावं लागायचं. मी ते वयावर आणि पाळीच्या वाढलेल्या रक्तस्रावावर टाकलं होतं. रक्तस्राव हे मोठं कारण होतंच. पण डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी करता करता विचारलं, “हा चहा जेवणानंतर किती वेळाने घेता?”

“लगेच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं ते आज मी प्रत्येक बाईला सांगते, म्हणून इथेही सांगते. चहातली पॉलिफेनॉल्स, ज्यांच्यामुळे तो तुरट लागतो आणि ज्यांच्यामुळे त्याचं एवढं कौतुक होतं, तीच आतड्यात लोहाला धरून ठेवतात. पालेभाज्या, डाळी, धान्यं यांतून मिळणारं लोह मुळातच शरीरात कमी शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा आला की त्यातलंही बरंचसं पचनमार्गातून तसंच बाहेर जातं. मांसाहारातल्या लोहावर हा परिणाम पुष्कळ कमी होतो. मी शाकाहारी, पाळीचा त्रास असलेली, आणि दिवसातून तीनदा जेवणाच्या डोक्यावर कडक काढा ओतणारी. उपाय साधा होता. लोहाच्या गोळ्या, जेवणात लिंबासारखं काहीतरी क जीवनसत्त्व असलेलं, आणि चहा दोन जेवणांच्या मधे, निदान तासभराचं अंतर ठेवून. चार महिन्यांत हिमोग्लोबिन पुन्हा बारावर आलं.

चहा सोडायला त्यांनी सांगितलं नाही. “चांगलं पेय आहे. पेयासारखं प्या,” एवढंच म्हणाल्या. ते शब्द मी घरी घेऊन आले आणि वाचायला बसले. ज्या पानाकडून मी एवढी अपेक्षा केली होती ते पान नेमकं आहे तरी काय, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की हिरव्या चहाचं झाड वेगळं नसतं. काळा, हिरवा, ऊलाँग, सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. मला हे माहीत नव्हतं, आणि युरोपालाही फार काळ माहीत नव्हतं. वनस्पतींना नावं देणाऱ्या लिनिअसने १७६२ साली काळ्या चहाचं आणि हिरव्या चहाचं झाड वेगवेगळं धरून त्यांना दोन नावं दिली होती. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ १८४० च्या दशकात चीनमध्ये हिंडला तेव्हा त्याने स्वतः पाहून सांगितलं की झाड एकच, फरक पडतो तो खुडल्यानंतर.

तो फरक फार सुंदर आहे. सफरचंद कापून ठेवलं की थोड्या वेळात तपकिरी पडतं, तसंच चहाचं पान चुरगळलं की त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने काम सुरू करतं आणि पान काळवंडत जातं. ते होऊ दिलं की काळा चहा. हिरव्या चहासाठी पान खुडल्यावर लवकरच त्याला उष्णता देतात, म्हणजे ते विकर जागच्या जागी निकामी होतं. जपानमध्ये वाफेवर, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी तापलेल्या कढईत. म्हणून जपानी सेंचाला ताज्या गवताचा, समुद्रशेवाळाचा वास असतो आणि चिनी लोंगजिंगला भाजल्याचा, थोडासा सुक्या मेव्यासारखा. विकर थांबलं की पानातली कॅटेचिन्स, म्हणजे त्या तुरट पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार, तशीच राहतात. काळ्या चहात त्यांची रूपं बदलून लालसर तपकिरी रंगद्रव्यं होतात. हिरव्या चहाच्या गुणांबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं बहुतेक या कॅटेचिन्सबद्दल असतं, आणि त्यातही ईजीसीजी या एका कॅटेचिनबद्दल.

फॉर्च्यूनने आणखी एक गोष्ट पाहिली होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही. परदेशी धाडायच्या हिरव्या चहाला कारखान्यात रंग चढवला जात होता. प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग आणि जिप्समची पूड कढईतल्या पानांवर टाकून ढवळत. काम करणाऱ्यांचे हात निळे झालेले त्याने पाहिले. तिथली माणसं स्वतः तो चहा पीत नव्हती. दूरच्या गिऱ्हाइकांना चहा अधिक हिरवा दिसायला हवा होता, म्हणून तो तसा केला जाई. हे वाचलं तेव्हा मला माझ्या पिळलेल्या पिशव्या आठवल्या. मलाही तो होता त्याहून अधिक हवा होता.

मग तो आहे तरी किती?

जपानमधल्या मियागी प्रांतात ओसाकी नावाचा भाग आहे. तिथल्या ४० ते ७९ वयाच्या ४०,५३० लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाही पक्षाघात, हृदयाच्या धमन्यांचा विकार किंवा कर्करोग झालेला नव्हता. त्यांचा ११ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा झाला. रोज पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांची तुलना एक कपही न पिणाऱ्यांशी केली तेव्हा कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण पुरुषांत १२ टक्क्यांनी आणि स्त्रियांत २३ टक्क्यांनी कमी आढळलं. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू पुरुषांत २२ टक्के, स्त्रियांत ३१ टक्के कमी. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही.

स्त्रियांमधला ३१ चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबा आठवले. मग शांतपणे पुन्हा वाचलं. हा अभ्यास निरीक्षणाचा आहे. कोण किती चहा पितो हे विचारलं आणि पुढे काय झालं ते पाहिलं. जो माणूस दिवसातून पाच वेळा बसून चहा पितो, त्याचं बाकीचं आयुष्यही कदाचित वेगळं असेल. संशोधकांनी धूम्रपान, वजन, आहार यांचा हिशेब धरला होता, पण असा हिशेब कधी पुरता होत नाही. आणि तिथला कप साधारण १०० मिलिलिटरचा. पाच कप म्हणजे अर्धा लिटर, दिवसभरात विभागून.

लोकांना दोन गटांत वाटून, एका गटाला चहा किंवा त्याचा अर्क देऊन केलेल्या चाचण्याही पुष्कळ झाल्या आहेत, आणि तिथे आकडे लहान होतात. अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर एलडीएलमधली सरासरी घट २ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास येते. वरचा रक्तदाब साधारण २ अंकांनी उतरतो. माझ्या १४८ च्या समोर हे फार थोडं आहे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीचं काम चहा करू शकत नाही, आणि ज्यांना गोळी सांगितली आहे त्यांनी ती चहाच्या भरवशावर सोडू नये, हे मी हात जोडून सांगते. बाबांनी कुठलीच गोळी घेतली नव्हती. त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

वजनाबद्दल लवकर सांगून मोकळी होते, कारण सांगण्यासारखं फारसं नाही. वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये ग्रीन टी आणि वजन यावरच्या चाचण्या पाहिल्या. जपानबाहेरच्या चाचण्यांत सरासरी घट ०.०४ किलो होती. चाळीस ग्रॅम. कर्करोगाबद्दल त्याच संस्थेने २०२० मध्ये ११ लाखांहून अधिक लोकांचा समावेश असलेले १४२ अभ्यास पाहिले आणि पुरावा एकमेकांशी जुळत नाही, ठाम काही म्हणता येत नाही, असं सांगितलं. प्रयोगशाळेतल्या काचेत ईजीसीजी पेशींवर बरंच काही करून दाखवतं. पण आपण प्यालेल्या ईजीसीजीपैकी फार थोडं रक्तात पोचतं आणि काही तासांत निघून जातं. मधे पोट आहे, आतडं आहे, यकृत आहे, हे काचेत कळत नाही. हिरव्या चहाच्या कॅटेचिन्सपासून झालेलं एक औषध मात्र खरंच आहे: विषाणूमुळे उठणाऱ्या एका प्रकारच्या मसांवर लावायचं मलम, ज्याला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. ते लावायचं असतं, प्यायचं नसतं.

हे सगळं वाचून मी निराश होईन असं वाटलं होतं. झाले नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. बाबांच्या मरणाशी लढायचं काम मी एका कपावर टाकलं होतं. ते काम त्याचं नव्हतं. चालणं, खाणं, तपासण्या आणि पुढे सुरू झालेली छोटी गोळी हे आपापलं काम करत होते. चहा आता नुसता चहा असू शकत होता. त्यानंतर कुठे मला त्याची चव लागायला लागली.

चवीचं शास्त्रही मला आवडतं. उकळत्या पाण्यात कॅटेचिन्स नष्ट होतात म्हणून पाणी निववायचं, असं बरेच जण सांगतात. खरं उलट आहे. कडक पाण्यात कॅटेचिन्स आणि कॅफिन जास्त उतरतात, म्हणून तर तो कडू आणि तुरट होतो. निवलेल्या पाण्यात ती बेताने येतात आणि मग एक दुसरी चव पुढे येते, गोडसर, भरलेली, सुपासारखी. ती थिअॅनिनची. हे अमिनो आम्ल १९४९ साली जपानमध्ये हिरव्या चहातूनच वेगळं केलं गेलं. झाडावर ऊन पडलं की त्यातल्या थिअॅनिनपासून पुढे कॅटेचिन्स बनतात. म्हणून ग्योकुरो आणि माचा या जपानी हिरव्या चहांच्या बागा खुडणीआधी काही आठवडे आच्छादन घालून सावलीत ठेवतात. पान गर्द होतं, तुरटपणा कमी होतो, चव दाट होते. ग्योकुरोला तर ५०-६० अंशांचंच पाणी लागतं. मी वर्षातून एकदा, बाबांच्या वाढदिवसाला, तो करते. तीन घोट जेमतेम होतात. त्या तीन घोटांना अर्धा तास लागतो.

कपभर ग्रीन टीत कॅफिन साधारण ३० मिलिग्रॅम असतं, कॉफीच्या मगात त्याच्या तिप्पट. थिअॅनिन आणि कॅफिन एकत्र आले की लक्ष एकाग्र राहतं आणि धडधड होत नाही, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण त्या प्रयोगांतली थिअॅनिनची मात्रा एका कपात असते त्याच्या कितीतरी पट होती. तरी मला स्वतःला सकाळी अकराच्या कपानंतर जी एक निवळलेली जाग येते ती खरी आहे. ती थिअॅनिनमुळे येते की दहा मिनिटं फोन न पाहता एका भांड्याजवळ उभं राहिल्यामुळे, हे वेगळं काढून दाखवायची मला गरज वाटत नाही. दुपारी चारनंतर मात्र मी घेत नाही. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला पाच तासांच्या आसपास लागतात आणि माझी झोप हलकी आहे.

आठशे वर्षांपूर्वी एइसाई नावाच्या जपानी झेन भिक्षूनेही हेच पान आरोग्यासाठी सांगितलं होतं. चीनहून तो चहाचं बी घेऊन आला होता आणि १२११ साली त्याने चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. त्याचा विचार असा होता की शरीरातल्या प्रत्येक अवयवाला एक चव लागते आणि हृदयाला कडू चव लागते. आपण कडू कमी खातो म्हणून हृदय अशक्त होतं, आणि चहा कडू आहे. १२१४ मध्ये शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, सानेतोमो रात्रीच्या मद्याने बेजार होता तेव्हा एइसाईने त्याला चहा आणि तो ग्रंथ दोन्ही दिलं. आजच्या शरीरशास्त्रात त्या तर्काला जागा नाही. तरीही आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे पान हृदयासाठी म्हणून हातात घेतलं होतं, हे मला जवळचं वाटतं.

आता माझ्या धाकट्या बहिणीबद्दल. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी ती राहायला आली होती. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, तिने पर्समधून एक डबी काढली आणि दोन कॅप्सूल पाण्याबरोबर घेतल्या. “ग्रीन टीचा अर्क आहे ताई. तू एवढा वेळ पाणी निववत बसतेस, मी हे दोन सेकंदांत करते.” मी डबी हातात घेतली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं: एका कॅप्सूलमध्ये ईजीसीजी ४०० मिलिग्रॅम.

म्हणजे दिवसाला ८००. हा आकडा मला पाठ होता. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं होतं की नेहमीच्या पद्धतीने पाण्यात केलेला ग्रीन टी साधारणपणे सुरक्षित आहे. त्यातून दिवसाला ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं. पण पूरक गोळ्यांमधून दिवसाला ८०० किंवा अधिक गेलं की यकृतावर ताण पडल्याची चिन्हं रक्तात दिसायला लागतात. रजोनिवृत्तीनंतरच्या हजाराहून अधिक स्त्रियांना वर्षभर रोज ८४३ मिलिग्रॅम देऊन केलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत सुमारे ५ टक्के जणींच्या यकृताच्या तपासण्या बऱ्यापैकी बिघडल्या होत्या. अर्क नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. आणि रिकाम्या पोटी घेतलं की ते रक्तात जास्त शोषलं जातं. २०२२ मध्ये युरोपीय संघाने गोळ्यांमधलं रोजचं प्रमाण ८०० च्या आत ठेवण्याचा नियमच केला.

मी तिला हे सांगितलं. सांगताना आवाज चढला, हे मान्य करते. ती म्हणाली, “अगं ताई, पानच आहे ना ते? तू पितेस तेच.”

तेच पान होतं, हे खरं होतं. म्हणून मला उत्तर लगेच सापडेना. शेवटी मी तिला एवढंच म्हणाले की एकदा यकृताची तपासणी कर, माझ्यासाठी. ती रुसली, पण तिने केली. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, मर्यादेच्या अडीचपट. तिच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या आणि इतर कारणं तपासली, त्यांत काही सापडलं नाही. दोन महिन्यांनी आकडा जागेवर आला. कॅप्सूलमुळेच झालं असं त्यांनी शपथेवर सांगितलं नाही. पुन्हा घेऊ नका, असं मात्र स्पष्ट सांगितलं. तिला काविळीपर्यंत जावं लागलं नाही, यासाठी मी आजही कृतज्ञ आहे.

त्या निमित्ताने औषधांचंही वाचलं. नॅडोलॉल हे रक्तदाबाचं औषध रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी पिणाऱ्या निरोगी स्वयंसेवकांना दिलं तेव्हा रक्तातली त्याची पातळी ८५ टक्क्यांनी कमी भरली. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी भरमसाट प्रमाणात पिऊ नये. बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषध सुरू असेल तर ईजीसीजी त्याचं काम अडवू शकतं. गरोदरपणात सगळं मिळून कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, त्यात हाही चहा मोजायचा. म्हणून डॉक्टर “काय काय घेता?” असं विचारतात तेव्हा त्यात ग्रीन टीही सांगावा.

आणि पाण्याच्या उष्णतेचं एक राहिलं. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेसाठी बहुधा घातक असल्याचं म्हटलं. कुठलंही पेय असो, त्यात दोष त्या चटक्याचा. पाणी ८० ला आणायचं, पानं टाकून दोन मिनिटं थांबायचं, कपात ओतायचं, कप हातात धरायचा. ओठाला लागेपर्यंत तो ६५ च्या खाली आलेला असतो. मला मुद्दाम काही करावं लागत नाही.

बहीण आता महिन्यातून एकदा तरी येते. पहिल्यांदा मी तिला कप दिला तेव्हा ती म्हणाली, “पाण्यासारखा लागतो गं.” मी काही बोलले नाही. दुसऱ्या वेळी तिने कप दोन्ही हातांत धरला आणि वास घेतला. चांगल्या पानांवर दोन-तीनदा पाणी घालता येतं. पहिल्या पाण्यात सुगंध जास्त, दुसऱ्यात चव जास्त भरते, तिसरं हलकं आणि गोडसर. मी तिला हे सांगितलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत तिने आपणहून विचारलं, “या पानांवर अजून पाणी चालेल का?”

परवा ती आली तेव्हा मला उशिरा जाग आली. स्वयंपाकघरात पावलांचा आवाज होता. मी दारात जाऊन उभी राहिले. तिने पाणी उकळून रुंद भांड्यात काढलं होतं, पानं काचेच्या भांड्यात मोजून ठेवली होती आणि ती ओट्याला टेकून वाफेकडे बघत होती. बाबा असेच उभे राहायचे, एक पाय किंचित दुमडून. मी पुढे झाले आणि भांड्याला हात लावायला गेले.

“थांब ताई,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “अजून वाफ आहे.”